पहिलं पान सोडून

मराठी घरात चांगली वस्तू वापरायची नसते. चांगले कप शोकेसमध्ये, चांगली चादर पाहुण्यांसाठी, आणि चांगलं स्केचबुक कपाटाच्या वरच्या खणात, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. चित्रांची हौस असलेल्या घरात अशी दोन-तीन कोरी स्केचबुकं सापडणारच. मी स्वतःला या शिरगणतीतून वगळत नाही. ‘हात जरा बसला की यात काढू’ असा बेत असतो. हात बसायला रोज काढावं लागतं, रोज काढायला वही लागते, आणि वही तर इतकी चांगली की तिच्यावर वाकडी रेघ मारायची कशी? मग वाकड्या रेघा वीजबिलांच्या पाठीवर आणि लग्नपत्रिकांवर पडत राहतात. लग्नपत्रिकेचा कागद तसा छान असतो, हे वेगळं.

हे दुखणं दुकानातच जडतं. दुकानदार विचारतो, ‘किती जीएसएम?’ आपण म्हणतो, ‘चांगल्यातलं दाखवा,’ आणि तिथेच फसतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. कागद किती गुणी आहे, ते त्यावरून कळत नाही. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा. त्यावर शाईचं पेन मागच्या बाजूला उमटतं, म्हणजे वही अर्धीच कामाला येते. ११० ते १५० चा कार्ट्रिज कागद पेन्सिल आणि पेन दोन्ही निमूट सोसतो, पण त्यावर ओला ब्रश फिरवला की पोह्याच्या पापडासारखा वर येतो. जलरंगांसाठी २०० च्या पुढे जावं, आणि सढळ हाताने पाणी वापरायचं असेल तर ३०० च घ्यावा.

मग सगळ्यांनी ३०० चंच स्केचबुक का घेऊ नये? हिशेब करा. ए-फाइव्ह पान म्हणजे चौरस मीटरचा बत्तिसावा भाग. १५० जीएसएमच्या अशा ८० पानांचं वजन भरतं पावणेचारशे ग्रॅम. ३०० जीएसएमचं झालं पाऊण किलो. आकार ए-फोर घेतला तर दीड किलो, पुठ्ठा वेगळा. दीड किलो कांदे माणूस आठवड्यातून एकदा उचलतो. रोज खांद्याला लावून ऑफिसला नेत नाही. पिशवीत न मावणारी वही घरी राहते, आणि घरी राहिली की तिचा वरचा खण ठरलेला.

बांधणीही तिथेच पाहून घ्यावी. वहीचा कणा वरून पाहिला की शिवणीच्या वहीत पानांच्या छोट्या छोट्या जुड्या दिसतात आणि प्रत्येक जुडीच्या पोटात दोरा असतो. ही वही सपाट उघडते. नुसत्या गोंदाने चिकटवलेली वही सपाट उघडत नाही. तळव्याने दाबून बसवलीच, तर पंधरा दिवसांत मधली पानं हातात येतात. स्पायरलची मागे दुमडून गुडघ्यावर घेता येते, हा तिचा मोठा गुण. पण तिची पानं एकमेकांवर सरकतात, घासतात, आणि समोरासमोरची दोन चित्रं महिन्याभरात एकमेकांत मिसळतात. पुण्याचा हातकागद दिसायला फार देखणा. मात्र घेण्याआधी एका कोपऱ्यात पेनाचा ठिपका देऊन पाहावा. कागदाला शाई अडवणारी खळ कमी असेल तर ठिपक्याला पाय फुटतात आणि त्याचा कोळी होतो. माझा कौल शिवणीच्या, ए-फाइव्ह, १५० जीएसएमच्या वहीला, आणि किमतीला ती अशी असावी की खराब करताना जीव वरखाली होऊ नये.

वही आली. आता पहिलं पान. सत्यनारायणाला जसं सोवळ्याने बसतात तसे लोक या पानासमोर बसतात. तिथे एकदम शनिवारवाडा काढायला जातात, दिल्ली दरवाजा तिरका होतो, आणि वही मिटते ती मिटतेच. यावर साधे उपाय आहेत. तिसऱ्या पानापासून सुरुवात करावी. किंवा पहिल्या पानावर घरातली सगळी पेनं ओळीने घासून पाहावीत, शेजारी नावं लिहावीत, वरून ओला ब्रश फिरवावा आणि कोणती शाई पसरते ते बघून घ्यावं. बरीच जेल पेनं पसरतात. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली पिगमेंट शाईची पेनं पसरत नाहीत, पण त्यांनाही वाळायला मिनिटभर द्यावं लागतं. हे पान पुढे वर्षभर उपयोगी पडतं. तिसरा उपाय माझा लाडका: चहाचा ओला कप पहिल्या पानावर ठेवावा. गोल डाग पडला की वही शोकेसमधून उतरली म्हणून समजावं.

पेन्सिलींचा बारांचा पत्र्याचा डबा घेऊ नये. त्यातल्या एच जातीच्या पेन्सिली टणक. त्या कागदावर चरे पाडतात आणि ते चरे वरच्या छायेतून पांढरे डोकावतात. बीचा आकडा वाढेल तशी पेन्सिल मऊ आणि काळी. एचबी, टूबी आणि सिक्सबी, एवढ्या तीन पुरेत. शार्पनरपेक्षा ब्लेडने तासाव्यात, शिसं सेंटिमीटरभर उघडं ठेवून. म्हणजे टोकाने रेघ आणि आडव्या अंगाने छाया, दोन्ही कामं होतात. सिक्सबीच्या पानाला पाठीमागचं पान घासून काजळ पसरतं, म्हणून मध्ये बटर पेपर घालावा आणि वहीला काळी क्लिप लावावी. पानं हललीच नाहीत तर घासणार कुठून?

खोडरबर मात्र घरी ठेवावा. हा सल्ला पाचशे वर्षांचा जुना आहे. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना सांगून ठेवलंय की छोटी वही कायम जवळ बाळगा, माणसं भांडताना, हसताना, उभी असताना झरझर टिपा, आणि तिचा कागद रंग दिलेला असू द्या, म्हणजे काढलेलं पुसताच येणार नाही. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ मारावी. आपण कुठे चुकतो ते दुसऱ्यांदा पाहायला पहिली रेघ जागेवर लागते. खोडरबरवाला माणूस तासाभरात एक डोळा काढतो, आणि तोही कपाळावर. खरं तर डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. केसांच्या आतलं डोकं आपण हिशेबात धरत नाही, म्हणून ते वर चढतात.

आता प्रेरणेचं पाहू. ही बाई बोलावून येत नाही. आवरून-सावरून, दिवा लावून बसलं तर अजिबात येत नाही. आपल्याकडच्या माणसाला तर आणखी एक अडचण असते: त्याने शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असते. स्मरणचित्राच्या पेपरात ‘आठवडी बाजार’ आला काय किंवा ‘बस स्टॉप’ आला काय, मागे तेच पाठ केलेलं झाड, तेच दोन डोंगर, त्यातून उगवणारा सूर्य आणि भुवयांसारखे पक्षी. हात डोळ्यांना न विचारता काढत सुटतो. ही खोड मोडायला न बघता काढण्याचा व्यायाम आहे. पेन कागदावर टेकवायचं, नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची, कडेवरून मुंगी चालली आहे असं धरून तिच्याच वेगाने पेन न्यायचं, आणि संपेपर्यंत वहीकडे बघायचं नाही. दोन मिनिटांनी बघितलं की कुकर सुनामीत सापडल्यासारखा दिसतो. पण त्या कुकरच्या मुठीचा खाचखळगा खरा असतो, पाठ केलेला नसतो.

विषयांना तोटा नाही. दाराबाहेरच्या चपलांचा ढीग, ओट्यावरची भांड्यांची जाळी, टीपॉयवरचा चष्मा. पण मला विचाराल तर कटिंगचा ग्लास. इराण्याकडे बसावं, ग्लास हातभर अंतरावर ठेवावा. आधी माप. हात कोपरातून ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी. ग्लासच्या उंचीत रुंदी किती वेळा बसते ते अंगठ्याने धरून मोजायचं. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते, माप बदलतं आणि ग्लासचा तांब्या होतो. मग वरची कड. ती गोल असली तरी आपल्याला लंबवर्तुळ दिसते, आणि तिची दोन्ही टोकंसुद्धा गोलाईने वळतात. नवशिक्या टोकं अणकुचीदार काढतो, म्हणून ग्लासवर करंजी ठेवल्यासारखी वाटते. आता तळ. ग्लास टेबलावर सपाट बसलाय हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हात तळाला सरळ रेघ मारतो, आणि ग्लास पुठ्ठ्यातून कापल्यासारखा उभा राहतो. वास्तविक तळ नजरेच्या पातळीपासून जास्त खाली, म्हणून तळाचं वर्तुळ आकाराने लहान, पण वरच्या कडेपेक्षा जास्त गोल दिसायला हवं. चहाची पातळी या दोहोंच्या मधली. ग्लासवरच्या उभ्या धारी मध्ये मोकळ्या आणि कडांकडे दाटीने. एवढं होईपर्यंत चहावर साय आलेली असते आणि वेटर दोनदा फडकं मारून गेलेला असतो. असे वीस ग्लास काढले की मडकं, बादली, विहीर आणि देवळाचा कळस फुकटात येतात.

इमारतींचंही असंच. पुण्याच्या मंडईचा मनोरा अष्टकोनी आहे, पण आठ बाजू एकदम दिसत नाहीत. एक बाजू अगदी समोर असेल तर तीन दिसतात. मधली पूर्ण रुंदीची असेल तर कडेच्या तिच्या सत्तर टक्के. कोपरा समोर असेल तर चार दिसतात. मधल्या दोन जवळजवळ पूर्ण आणि कडेच्या अगदी चिंचोळ्या, चाळीस टक्क्यांहूनही कमी. लोक चारही सारख्या काढतात आणि मनोरा इस्त्री करून पसरल्यासारखा दिसतो.

माणसं ही सगळ्यात अवघड, कारण ती हलतात. लोकलमध्ये वही पिशवीवर आणि तळहाताची कड वहीवर टेकवावी. तिघं एकत्र हलले की रेघ कमी थरथरते. खरं कसब एका पानावर पाच-सहा माणसं अर्धवट सुरू करण्यात आहे. समोरच्याने मान वळवली की त्याला तिथेच सोडायचं आणि शेजारच्याला धरायचं. माणूस सवयीचा गुलाम. दोन मिनिटांत तो पुन्हा पहिल्यासारखा बसतो, तेव्हा उरलेला कान पुरा करायचा. प्रत्येकाला तीस सेकंद: आधी पाठीचा कणा कुठे झुकलाय, मग खांद्याची रेघ, मग वजन कुठल्या पायावर. शर्टाची बटणं शेवटी, वेळ उरला तर. तोवर दादर येतं आणि मॉडेल उतरून जातं.

रंग घेऊन बसायला वेळ नसेल तर रंग लिहून ठेवावेत. फ्रेंच चित्रकार दलाक्र्वा १८३२ साली मोरोक्कोला गेला तेव्हा चित्रांवर रंगांची नावं खरडून आणली होती. आपणही लिहावं: भिंत ताकासारखी, दार शेवाळी, सावलीत जांभळट. संध्याकाळचा उजेड वीस मिनिटांत पालटतो. तारीख, जागा, वेळ लिहिणं हा मात्र नियमच समजावा. गोव्यातल्या लोटलीच्या व्यंगचित्रकार मारियो मिरांडाने १९४९ ते १९५१ या वर्षांत रोज चित्रांची डायरी भरली, आणि गोव्यातली लग्नं, मयतं, पाद्री आणि शेजारीपाजारी तारीखवार हजर आहेत. इंग्रज चित्रकार टर्नरच्या मागे तर सुमारे ३०० वह्या उरल्या. त्यांतल्या कितीतरी पानांवर एखाद-दुसरी टेकडी आणि चार रेघा, बस.

पावसाळ्यात वेगळाच छळ. कोकणात आणि मुंबईत कागद हवेतलं पाणी पितो, वही जाडजूड होते, रंग तासभर वाळत नाही. ओल धरलेल्या कागदाची खळ जागोजागी बिघडते. तिथे रंग टाकला की फुटकुळ्यांसारखे गडद ठिपके उठतात. जुलै-ऑगस्टमध्ये मी पेनाची बाजू घेतो. वही घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, आणि हेअर ड्रायर मागायचा तर घरातल्यांचा मूड बघून.

बघ्यांचं काय करायचं, यावर उपाय सापडलेला नाही. पेठेतल्या वाड्यासमोर पेन्सिल ताठ धरून एक डोळा मिटला की पाच मिनिटांत कोणीतरी येतं. ‘महापालिकेचे का? रस्ता रुंद होणार का?’ नाही म्हटलं तर विश्वास बसत नाही. मोजताना तर पाहिलेलं असतं. मग वरच्या खिडकीतून आजी विचारतात, ‘आमचा जिना घेतलाय का चित्रात?’ जिना घ्यावा. नाही घेतला तर बसायला सावली मिळत नाही.

त्यापेक्षा घर बरं. रविवारी आमरस-पुरी झाली की अडीच ते साडेतीन हा सगळ्यात उत्तम काळ. घरातले काका सोफ्यावर झोपतात, तोंड किंचित उघडं, चष्मा कपाळावर, पोटावर वर्तमानपत्र. असं मॉडेल पैसे देऊन मिळत नाही. चाळीस मिनिटं हलत नाही. फक्त चित्र झाल्यावर वही मिटून आत न्यायची असते. उघडी राहिली तर काका उठतात, चष्मा खाली घेतात, बराच वेळ बघतात आणि विचारतात, ‘एवढं मोठं आहे का रे माझं नाक?’

पेन्सिलीने मोजलेलं असतं, कोपर ताठ ठेवून. कपाळाएवढंच भरतं. आपण म्हणायचं, ‘नाही हो काका, माझाच हात अजून बसलेला नाही,’ आणि चहा टाकायला उठायचं.