माहा माल खोटा नव्हता

आज तालुक्याला सरकारी खरेदीच्या बदलत्या नियमांवर बैठक होती. बाबांना घेऊन गेलो. दारातच सांगितलं, "ही कर्मचाऱ्यांची बैठक आहे, पुरवठादारांची नाही." बाबा एक शब्द बोलले नाहीत. गपचूप बसस्टँडकडे चालू लागले. माझं डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितोय.

नियम बदलणार, तर ते पाळायचे कोणी? फक्त टेबलामागच्यांनी?

आमचं घाटंजी तालुक्यात वेल्डिंगचं दुकान. शाळेचे बेंच, ग्रामपंचायतीचं गेट, स्मशानभूमीचं शेड, तीस वर्षं हेच काम. 2022 च्या दिवाळीआधी बेंचची निविदा भरली. अनामत रकमेतून सूट मिळते म्हणून उद्योग आधारचा, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद जोडला. त्याच्या जागी 1 जुलै 2020 पासून उद्यम नोंदणी आली होती आणि जुना कागद 2022 च्या जूनअखेर बाद झाला होता. आम्हाला कोणी सांगितलं? निविदेत आधी कागदपत्रांचा तांत्रिक लिफाफा उघडतात, त्यातच आम्ही बाहेर. दराचा लिफाफा उघडलाच नाही. बाबा म्हणाले, "माहा माल खोटा नव्हता. मंग माहा कागद काहून खोटा झाला?"

याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

हो, तीन दुकानांची दरपत्रकं मागवून खरेदी करायची जुनी पद्धत काही धुतल्या तांदळाची नव्हती. तिन्ही दरपत्रकं एकाच हातची असायची, सगळ्या गावाला माहीत होतं. ई-निविदा आली ते बरंच झालं.

पण तामिळनाडूत 1998 चा, कर्नाटकात 1999 चा निविदांसाठी स्वतंत्र कायदा आहे. केंद्रात 2012 ला विधेयक आलं, ते लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. आपल्याकडे उद्योग विभागाचा 1 डिसेंबर 2016 चा शासन निर्णय आणि त्यावर चढत गेलेले निर्णय. कायदा यायचा तर निदान सभागृहात बोललं तरी जातं. शासन निर्णय आज निघतो आणि आमच्यापर्यंत पोचतो तो निविदा बाद झाल्यावर. केंद्राच्या खात्यांनी 25 टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची, त्यात 3 टक्के महिलांकडून, असं धोरण आहे. आमच्या बाजूच्या बचत गटातल्या ताईंना विचारा, कोणी त्यांच्या कानावर घातलंय का.

चार-सहा महिने आधी सांगा ना. मराठीत सांगा. बाजाराच्या दिवशी पंचायत समितीत एक कॉम्प्युटर लावा, आमच्याकडून एक सरावाची निविदा भरून घ्या. चुकू द्या तिथेच. एवढंच मागतोय.

त्या बेंचचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दीड वर्षात ते आमच्याच दुकानात आले, पाय निखळलेले. गुरुजी अवघडून म्हणाले, दुरुस्तीला तरतूद नाही. मी नाहीच म्हणणार होतो. बाबांनी तोवर होल्डर हातात घेतला होता. बावीस बेंच डागून दिले, रुपया घेतला नाही. म्हणे, "पोरं बसतात त्याच्यावर."

आज बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते, तेव्हा मला तेच बेंच आठवत होते.

रविवारी दुकान उघडं आहे. आसपासचे सुतार, वेल्डर, शिवणकामवाल्या ताई, ज्यांना निविदा भरायची आहे त्यांनी पॅन, आधार, जीएसटीचा कागद आणि डिजिटल सहीचं डोंगल घेऊन या. उद्यम नोंदणी आहे का, सहीची मुदत कधी संपते, सगळं तपासून देतो. चहा बाबा करतील.