आवरून ठेवलंय, शोधून घ्या

तुमचं टेबल बघून कुणालाही कळतं की तुम्ही काम करता. हल्लीच्या दिवसांत हे बरं दिसत नाही. डाव्या हाताला पंचिंग मशीन, त्याला टेकून स्टेपलर, शेजारी टाचण्यांची डबी, मागे एप्रिलपासूनच्या बॉक्स फाइली आणि मॉनिटरच्या कडेने पिवळ्या चिठ्ठ्यांचं तोरण. तुमची समजूत अशी की डोळे मिटून हात घातला तरी स्टेपलर सापडतो, म्हणजे टेबल लागलेलं आहे. साफ चूक. डोळे मिटून सापडतो तो पसारा. जी वस्तू शोधायला खुर्चीतून उठून तीन जणांना विचारावं लागतं, ती व्यवस्थित ठेवलेली.

हे मी मनाचं सांगत नाही. या शास्त्राचे खरे आचार्य स्प्रेडशीटवाले. २००३ सालचं मायक्रोसॉफ्टचं एक्सेल आठवून बघा. वर ओळीने नऊ मेनू: फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स, डेटा, विंडो, हेल्प. कुणाला सौंदर्य वाटेल असं त्यात काही नव्हतं. किराणा दुकानातल्या फळीवरच्या डब्यांसारखे डबे होते, आणि दुकानदाराला प्रत्येक डबा पाठ होता. २००७ साली फळीच काढली आणि तिथे रिबन, म्हणजे चित्रांच्या बटणांची रुंद पट्टी, आली. नऊ मेनूंच्या जागी सात टॅब. हिशेबाने दोन डब्यांचा पसारा कमी झाला, हे कबूल करायलाच हवं.

आता आतला माल कुठे गेला ते बघा. ‘फ्रीझ पेन्स’ विंडोमध्ये होतं, ते व्ह्यूमध्ये गेलं. पिव्होट टेबल डेटामध्ये होतं, ते इन्सर्टमध्ये गेलं. मॅक्रोची, म्हणजे तीच ती कामं आपोआप करून घ्यायची, अवजारं टूल्समध्ये होती. त्यांच्यासाठी डेव्हलपर नावाचा स्वतंत्र टॅब केला आणि तो दिसणार नाही अशी सोय केली. आधी सेटिंगमध्ये शिरून तो चालू करायचा, मग तो दिसतो. पाहुण्यांसाठी खास खोली बांधावी आणि तिला दार ठेवू नये, तसं. आणि या सगळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक गोल चकचकीत बटण. ओपन, प्रिंट, सेव्ह ॲज, सगळं त्या गोळ्याच्या पोटात. लोकांना ते कंपनीचं बोधचिन्ह वाटलं. बोधचिन्हाला कोण कशाला बोट लावेल? २०१० च्या आवृत्तीत ‘फाइल’ हा साधा शब्द खाली मान घालून परत आला.

यातलं तुम्ही उचलायचं ते पुढे आहे. मायक्रोसॉफ्टने आवराआवर केली आणि वर नकाशाही दिला. जुन्या मेनूच्या चित्रावर टिचकी मारली की नवी जागा दाखवणारं मार्गदर्शन त्यांनी काढलं होतं. शिवाय जुनी आज्ञा कुठल्या टॅबवर गेली याची लांबलचक यादी उतरवून घ्यायला ठेवली होती. घर आवरून झाल्यावर आईने साखर, रवा आणि हिंग कुठे गेले याची यादी फ्रीजवर चिकटवावी, तशी. फरक एवढाच की ही यादी होती एक्सेलच्या फाइलीत. म्हणजे स्वयंपाकघरात वाट सापडत नसेल तर स्वयंपाकघरात जाऊन यादी वाचावी.

आणि तरीही लोकांना सापडेना, तेव्हा खेळ काढला. ‘रिबन हीरो’. रिबन वापरा, गुण मिळवा. २०११ मध्ये त्याचा दुसरा भाग आला आणि त्यात वाट दाखवायला कोण? क्लिपी! तीच ती मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधली, पडद्यावर डोळे मिचकावणारी यू-पिन, जी तुम्ही नुसतं ‘डिअर’ लिहिलंत तरी ‘पत्र लिहिताय वाटतं?’ म्हणून टपकायची. तिला अडगळ ठरवून २००७ च्या आवराआवरीत घराबाहेर काढलं होतं. आवरलेल्या घरात माणसं हरवायला लागल्यावर रस्ता सांगायला तिलाच बोलवावं लागलं.

तेव्हा पहिलं पाऊल असं टाका. सगळे स्टेपलर गोळा करून तिसऱ्या मजल्यावरच्या स्टोअरमध्ये हलवा. आठवड्याभराने ‘आपला स्टेपलर, आपली जबाबदारी’ अशी दोन तासांची कार्यशाळा घ्या. चहा-सामोसे ठेवा. हजेरी सक्तीची. हजेरीचे कागद एकत्र लावायला काही लागलं तर तिसऱ्या मजल्यावर मिळेल.

दुसरं तंत्र त्याहून जुनं आहे, पण अजून पुरतं. ऑफिस २००० मध्ये मेनू स्वतःच स्वतःला आवरून घ्यायचे. तुम्ही जे रोज वापरता तेवढंच दाखवायचं, बाकीचं खाली एका दुहेरी बाणात दुमडून ठेवायचं. कल्पना अशी की जे क्वचित लागतं ते डोळ्यांसमोर कशाला? आपल्याकडे सोऱ्या माळ्यावर का असतो, त्याच कारणाने. पण सोऱ्या कधी लागतो? दिवाळीच्या तोंडावर, चकलीची भाजणी भिजवून झालेली असते तेव्हा. मग स्टूल आणा, स्टुलावर चढा, सोऱ्याचा डबा सापडतो, आत शेवेची चकती असते आणि चकलीची नसते. हिशेबाच्या कामात वर्षातून एकदाच लागणारी गोष्ट नेमकी ३१ मार्चला रात्री साडेदहाला लागते, आणि यंत्र म्हणतं, ही आज्ञा तुम्ही फारशी वापरत नाही, म्हणून आत ठेवली. म्हणून सांगतो, क्वचित लागणाऱ्या वस्तू आधी हलवा. त्यांचा शोध घेणारा माणूस नेहमी घाईत असतो, त्याच्याकडे तक्रार करायला वेळ नसतो.

या कामात एकच जात तुम्हाला आडवी येईल, ती म्हणजे बोटांनी काम करणारी माणसं. आमच्याकडे अकाउंट्सला एक काका आहेत. मार्चअखेरीला त्यांच्या मागे उभं राहून बघावं. नजर व्हाउचरवर, मॉनिटरकडे ढुंकूनही नाही. डावा अंगठा ऑल्टवर आणि मग ई, एस, व्ही, एंटर. टक, टक, टक, टक. सूत्र गळून पडतं, नुसता आकडा उरतो. ई म्हणजे एडिट, एस म्हणजे पेस्ट स्पेशल, व्ही म्हणजे व्हॅल्यूज. त्यातला एडिट मेनू २००७ सालीच जमीनदोस्त झालाय! तरी ऑल्ट आणि ई दाबलं की वर एक बारकी चौकट उमटते: जुन्या आवृत्तीच्या कळा दाबताय, दाबत राहा, अशा अर्थाची. वाडा पाडून टॉवर उभा राहिला, पण काकांच्या पायाला अंधारात जुना जिना अजून लागतो.

हा जिना आत कुणीतरी जाणूनबुजून ठेवलेला दिसतो. अशा माणसांपासून सावध राहा.

मध्यंतरी कार्यक्षमता वाढवायला आलेल्या एका मुलाने काकांना आधुनिक मार्ग दाखवला. होम टॅबवर जायचं, पेस्टच्या खालच्या बाणावर टिचकी मारायची, मग बारक्या चित्रांच्या रांगेतलं १२३ लिहिलेलं चित्र निवडायचं. ‘काका, किती क्लीन आहे बघा!’ काकांनी बघितलं. चष्मा वर करून पुन्हा बघितलं. म्हणाले, ‘छान आहे रे. पण त्यासाठी मला व्हाउचरवरनं नजर काढावी लागेल ना?’ मुलाने वहीत लिहून घेतलं: बदलाला विरोध.

असं कुणी भेटलं तर त्याला जपानी शब्द ऐकवा. ‘फाइव्ह एस’ हे नाव प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. सेइरी म्हणजे नको ते वेगळं काढणं. सेइतोन म्हणजे उरलेल्या प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा देणं, लागली की लगेच हाताशी येईल अशी. सेइसो साफसफाई, सेइकेत्सू ती घडी टिकवणं, शित्सुके शिस्त. हे वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की यातला दुसरा एस आपल्या कामाचा नाही. वस्तूला ठरलेली जागा मिळाली की ती तिथे सापडते, आणि सापडली की पुढच्या वर्षी आवरायला काय उरणार? भित्तिपत्रकावर पाचही छापा, राबवताना पहिला घ्या.

जागेचा प्रश्न मात्र उदारपणे सोडवा. टेबल मोकळं करायचं तर माल कुठेतरी जायला हवा. त्याच २००७ च्या एक्सेलने मेनू आवरले तेव्हा खाली काय केलं? आधी ओळी ६५,५३६ आणि रकाने २५६ होते. ते झाले १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने. एका पानावर १,७१७ कोटी ९८ लाख ६९ हजार १८४ चौकोन. वरची फळी नीटनेटकी, तळघर हजारपट मोठं! माझ्या माहितीतल्या एका सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबाला त्यातले तीनशे चौकोन लागतात, आणि तो हिशेब तरीही जुळत नाही, पण तो विषय वेगळा.

जुनं लहान तळघर वापरत राहिलं तर काय होतं हे २०२० साली इंग्लंडने दाखवलं. करोनाच्या चाचण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएस साच्यात भरले जात होते. तो साचा पासष्ट हजारांच्या पुढे ओळ घेत नाही. मावलं नाही ते गळालं, आणि आठवड्याभरात १५,८४१ बाधितांची नोंद आकड्यांतूनच नाहीशी झाली. त्यांच्या संपर्कात कोण आलं होतं हा शोधही त्यामुळे लांबला. इतकी निःशब्द आवराआवर मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आता फाइलीच्या आतलं बघू. नवशिके लोक नको असलेल्या ओळी खोडतात. खोडू नका, लपवा. ग्रिडलाइन्स घालवा. शीर्षक दिसायला भारदस्त व्हावं म्हणून सहा रकाने मर्ज करून मधोमध बसवा. पुढे ज्याला सॉर्ट करायचं असेल तो आणि त्याचं नशीब. अडचणीचे आकडे पांढऱ्या अक्षरात लिहा, पांढऱ्यावर पांढरं उठून दिसत नाही. अख्खं पान लपवायचं तर एक्सेलमध्ये दोन दर्जे आहेत: ‘हिडन’ आणि ‘व्हेरी हिडन’. थट्टा नव्हे, आत खरोखर हेच नाव आहे. दुसऱ्या दर्जाचं पान ‘अनहाइड’च्या यादीतसुद्धा दिसत नाही, ते काढायला प्रोग्रॅमच्या खिडकीतून शिरावं लागतं. आपल्या जुन्या वाड्यातल्या भिंतीत पुरलेल्या हंड्याची एवढी सोय नव्हती.

लपवण्याला नावं ठेवणारे २००८ चा दाखला देतात, तोही ऐकून ठेवा. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाल्यावर ब्रिटनच्या बार्कलेज बँकेने तिचा अमेरिकेतला कारभार विकत घेतला. कुठले करार घ्यायचे याची यादी स्प्रेडशीटमध्ये होती, आणि नको असलेल्या ओळी त्यात खोडलेल्या नव्हत्या, नुसत्या लपवल्या होत्या. कोर्टात द्यायची म्हणून वकिलांच्या कचेरीत त्या फाइलीची पीडीएफ केली, तेव्हा लपलेल्या ओळी उठून उभ्या राहिल्या. नको असलेले १७९ करार हव्या असलेल्यांच्या पंक्तीत जेवायला बसले. मग कोर्टात अर्ज करावा लागला की हे आमचे नव्हेत, चुकून आलेत. टीकाकार म्हणतात, बघा. मी म्हणतो, पीडीएफ होईपर्यंत ती फाइल किती स्वच्छ दिसत असेल!

आमच्या हापिसात हे सगळं राबवून झालं. गेल्या महिन्यात ‘मोकळं टेबल’ स्पर्धेची पाहणी झाली. साहेब दोन माणसं आणि एक फोटोवाला घेऊन फिरले. पहिला नंबर काकांचा. त्यांच्या टेबलावर मॉनिटर, कीबोर्ड आणि पाण्याची बाटली, बस. बाटलीसुद्धा फोटोपुरती खाली ठेवली. पंचिंग, टाचण्या, बॉक्स फाइली, कॅल्क्युलेटर, सुतळीचा गुंडा, एकोणीस वर्षांचा जमाखर्च, सगळं कुठे गेलं म्हणून कुणी विचारलं नाही. टेबलाखाली वाकून बघायचं पाहणीच्या नमुन्यात नव्हतं.

प्रशस्तिपत्रक दोन पानी होतं. दुसरं पान निकषांचं. साहेबांनी दोन्ही पानं हातात धरून इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, ‘अरे, जरा स्टेपलर द्या कुणीतरी.’

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका खाली वाकले, त्यांनी खण ओढला. तो दोन बोटं उघडला आणि आतल्या मालाला अडून तिथेच बसला. काकांनी नजर साहेबांवरच ठेवून फटीत हात घातला, मनगटापर्यंत. आत काहीतरी सरकल्याचा, मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. हात बाहेर आला तेव्हा त्यात स्टेपलर होता.

‘पिना संपल्यात,’ काका म्हणाले. ‘तिसऱ्या मजल्यावर मिळतील.’