फ्लेक्स आधी, बाई नंतर

परत तेच! सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून नाशिकला आलेली बाई बाकावर बसलीय, कडेवर पोर, आणि आमच्या महिलांना मदत करणाऱ्या संस्थेतली समुपदेशक ताई तिला सोडून हॉलमध्ये खुर्च्या मांडतेय. कारण काय, तर अंबडच्या कंपनीचे सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामाला निधी देणारे, येणार आणि आमच्या संस्थाप्रमुख मॅडमना ‘लाभार्थींसोबत’ फोटो हवाय.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लिहिलंय, अर्ज आल्यावर साधारण ३ दिवसांत पहिली सुनावणी, तिथून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न. कोर्टाचं जाऊ द्या हो, आमच्याकडे त्या बाईच्या रिक्षाभाड्याच्या व्हाउचरवर सही व्हायलाच आठवडा जातो. सही मॅडमचीच लागते. मॅडम कुठे? पुण्यात, नेतृत्वविकास शिबिरात. हसावं की रडावं!

आमच्या कार्यकर्त्या मुली सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात दिवसदिवस ताटकळतात, रात्री-अपरात्री फोन उचलतात, निवारागृहात जागा नसली तर स्वतःच्या मावशीकडे सोय लावतात. पेट्रोल पदरचं. पगार ‘ग्रँट आली की’. आणि मीटिंगमध्ये ऐकायचं काय, तर ‘समर्पण कमी पडतंय’. वर एक नवीन एक्सेल शीट भरायला.

मग कंटाळून एखादी सोडून जाते. तिच्या केसेस कुणाकडे, हे कुणी ठरवतच नाही. मार खाल्लेल्या बाईला आपली सगळी कर्मकहाणी नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. हे मला सगळ्यात जास्त डाचतं.

‘सदैव तिच्या पाठीशी’ असा फ्लेक्स छापायला मात्र पैसे त्याच दिवशी निघाले, बरं का.