दोनच पक्ष ठेवले की देश सुधारतो?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपवर तो मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. मजकूर असा: "अमेरिका, इंग्लंडमध्ये कायद्यानेच दोन पक्ष आहेत. तिथे निम्म्याहून जास्त मतं मिळाल्याशिवाय कोणी सत्तेवर येत नाही. आपल्याकडे पक्षांचा बाजार, म्हणून युतीची दुबळी सरकारं. दोनच पक्ष ठेवा, देश सुधारेल." पाठवणारे काका मला वडिलांच्या जागी आहेत आणि त्यांची कळकळ खरी आहे. म्हणूनच नीट उत्तर देतो.

"कायद्यानेच दोन पक्ष" हे दोन्ही देशांबाबत खोटं आहे. अमेरिकेत लिबर्टेरियन, ग्रीन असे लहान पक्षही आहेत. 1992 मध्ये अपक्ष रॉस पेरो यांना जवळपास 19 टक्के मतं पडली, पण अध्यक्ष निवडणाऱ्या 538 प्रतिनिधींपैकी एकही त्यांच्या वाट्याला आला नाही. कारण बहुतेक राज्यांत पहिला येतो तो त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी घेऊन जातो. मग पुढच्या वेळी मतदार म्हणतो, मत वाया कशाला घालवू? तिसरा पक्ष मरतो तो असा. इंग्लंडमध्ये तर 2010 ते 2015 युतीचंच सरकार होतं.

निम्म्या मतांची गोष्टही तशीच. बिल क्लिंटन 1992 मध्ये 43 टक्के मतांवर अध्यक्ष झाले. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे 29 लाख मतं जास्त होती, तरी त्या हरल्या. 2024 मध्ये ब्रिटनच्या लेबर पक्षाने जेमतेम 34 टक्के मतांत 650 पैकी 411 जागा घेतल्या आणि रिफॉर्म पक्षाला 14 टक्के मतं मिळूनही जागा मिळाल्या 5. आपल्याकडे 2014 मध्ये भाजपला 31 टक्के मतांवर 282 जागा मिळाल्या, तो हाच हिशेब. मतांचं जागांत रूपांतर कसं होतं, हे पद्धत ठरवते.

हे समजायला लांब जायची गरज नाही. नाशिक महापालिकेची 2012 ची निवडणूक दोन सदस्यांच्या प्रभागांत झाली, 2017 ची चार सदस्यांच्या. त्या वेळी आईला मतदानाला घेऊन गेलो होतो. वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका, चार बटणं दाबायची. ती दोन दाबून बाहेर निघाली, तर आतल्या बाईंनी थांबवलं, "आजी, अजून दोन राहिलीत." शहर तेच, मतदार तेच, पण प्रभाग मोठा झाला की एकट्या उमेदवाराला तो फिरून पुरा होत नाही, चारही जागांवर पॅनल उभं करणारा पक्ष भारी पडतो.

युती म्हणजे दुबळं सरकार? अँगेला मर्केल 16 वर्षं चॅन्सलर होत्या, सगळीच्या सगळी युतीत. जर्मनीत सरकार नुसतं पाडता येत नाही, त्याच ठरावात नवा चॅन्सलर बहुमताने निवडावा लागतो. असा ठराव आजवर एकदाच, 1982 मध्ये, यशस्वी झाला. आपल्याकडे 1991 च्या आर्थिक सुधारणा नरसिंह राव यांच्या अल्पमतातल्या सरकारने केल्या आणि 1998 ची पोखरण चाचणी वाजपेयींच्या आघाडी सरकारने. आघाडीत घोडेबाजार होतो, हे मान्य. पण त्यावर जर्मनीसारखा नियम मागावा. लोकांचे पक्ष कशाला काढून घ्यायचे?

मला खरी चीड येते ती शेवटच्या वाक्याची, "दोनच पक्ष ठेवा." ठेवायचे कोणते, आणि ठरवणार कोण? नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-कळवणच्या आदिवासींनी जिवा पांडू गावितांना माकपच्या चिन्हावर पुन्हा पुन्हा विधानसभेत पाठवलं. देशाच्या हिशेबात हा पक्ष लहान. पण 2018 च्या मार्चमध्ये वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईला जो मोर्चा निघाला, तो त्याच विचाराच्या किसान सभेने काढला होता. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. माझ्या आईच्या वयाच्या बाया झिजलेल्या चपला घालून, डोक्यावर लाल टोपी आणि हातात पिशवी घेऊन चालल्या होत्या. मुंबई सुमारे 180 किलोमीटर. सहा दिवसांनी सरकारने लेखी आश्वासन दिलं. काका, त्या बायांचं चिन्ह मतपत्रिकेवरून कोणत्या कारणाने पुसायचं, ते मला मैदानावर भेटून सांगा.