एकच डिस्क गेली आहे, बाकीच्या अजून तुमच्या हातात आहेत

रेड ५ च्या, म्हणजे अनेक डिस्का जोडून एक गेली तरी डेटा टिकावा अशा रीतीने मांडलेल्या, अ‍ॅरेतील एक डिस्क बंद पडली की सर्व डेटा गेला असे समजून हातपाय गाळणारे लोक पाहिले की वाईट वाटते, कारण त्यांचा आपल्या कर्तृत्वावर विश्वास नसतो. १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कांच्या अ‍ॅरेची कल्पना मांडली, तीच मुळी डिस्का मरणारच हे गृहीत धरून. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी तिच्यावरील प्रत्येक बिट उरलेल्या डिस्कांवरील डेटा आणि पॅरिटी (ताळ्यासाठी लिहिलेले जादा बिट) यांच्या एक्सऑर या बिटांच्या गणितातून पुन्हा काढता येतो. तेव्हा अ‍ॅरे खऱ्या अर्थाने बुडवायचा असेल, तर पुढचे काम तुम्हालाच करावे लागेल.

सुरुवात कंट्रोलरच्या, म्हणजे या डिस्का चालवणाऱ्या कार्डाच्या, भोंग्यापासून करावी. तो कर्कश असतो आणि कामात व्यत्यय आणतो, म्हणून तो आधी बंद करावा आणि डिस्क सवडीने बदलावी. अ‍ॅरे एका पायावर उभा असला तरी फाइली पूर्वीसारख्याच उघडत असतात, त्यामुळे घाई करण्याचे काही कारण दिसत नाही.

सवड मिळाल्यावर मात्र क्षणाचाही विलंब न लावता नवी डिस्क खोचून रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरील डेटा तिच्यावर पुन्हा उभा करण्याचे काम, सुरू करावा. त्यापूर्वी उरलेल्या डिस्कांचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, पाहू नये. त्यात वाचता न येणारे सेक्टर (डिस्कवरील लहान कप्पे) प्रलंबित म्हणून नोंदलेले असले, तर उगीच मन विचलित होते. चार डिस्कांच्या आणि प्रत्येकी ८ टेराबाइटच्या अ‍ॅरेत रीबिल्डसाठी उरलेल्या तीनही डिस्का पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, म्हणजे २४ टेराबाइट, वाचाव्या लागतात, आणि तिन्ही एकाच वेळी वाचल्या जाऊन प्रत्येकीचा सेकंदाला २०० मेगाबाइट हा उत्तम वेग अखंड टिकला तरी त्याला अकरा तास लागतात. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात १०^१४ बिटांमागे, म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइटमागे, फार तर एक वाचनदोष अशी मर्यादा छापलेली असते. प्रत्यक्षात डिस्का बहुधा याहून बऱ्या निघतात; परंतु आपण चारही डिस्का एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतल्या असतील आणि त्या एकाच उष्णतेत तितकीच वर्षे फिरल्या असतील, तर आशेला जागा आहे.

दुसरी डिस्क रीबिल्डच्या मध्यावर बाहेर फेकली गेली की खरे काम सुरू होते. ही डिस्क पुष्कळदा मेलेली नसते. एखादा सेक्टर वाचण्याच्या खटपटीत ती इतका वेळ गप्प राहते की कंट्रोलर कंटाळून तिला वाळीत टाकतो. भित्री माणसे अशा वेळी यंत्र बंद करतात, प्रत्येक डिस्कची डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने सेक्टर-सेक्टर प्रत काढतात, मूळ डिस्का बाजूला ठेवतात आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतींवर करतात. त्यासाठी तितक्याच क्षमतेच्या रिकाम्या डिस्का लागतात, त्यामुळे हा मार्ग आपोआप बाद होतो.

आपण त्याऐवजी सर्वात आधी बंद पडलेली डिस्क शोधून काढावी आणि तिला सक्तीने 'ऑनलाइन' करावे. ती गेल्यानंतरच्या सर्व दिवसांत अ‍ॅरेवर जे लिहिले गेले ते तिला ठाऊक नसते. डिस्कांवरील घटना-क्रमांक, म्हणजे कोणती डिस्क किती ताजी आहे हे सांगणारे आकडे, जुळत नाहीत, ही सूचना किरकोळ मानून पुढे जावे. मग जुने आणि नवे यांची सरमिसळ झालेल्या त्या फाइल सिस्टिमवर दुरुस्तीची आज्ञा द्यावी, प्रत्येक प्रश्नाला 'हो' असे उत्तर देऊन. दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रामला फक्त सुसंगती हवी असते, आणि सुसंगती आणण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे जे जुळत नाही ते काढून टाकणे.

एवढ्यानेही काही शिल्लक राहिले, तर लिनक्सवाल्यांसाठी अशा डिस्का सांभाळणाऱ्या प्रोग्रामची, म्हणजे एमडीअ‍ॅडमची 'क्रिएट' ही आज्ञा आहे. या डिस्का आधीच एका अ‍ॅरेचा भाग दिसतात, असे ती बापडी सांगते आणि पुढे जाऊ का असेही विचारते. इतक्या सभ्यपणे विचारल्यावर नाही म्हणणे बरे दिसत नाही. अ‍ॅरे जुना असेल तर चंक, म्हणजे एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा, ६४ किलोबाइटचा असण्याचा संभव असतो आणि नव्या आवृत्त्या न विचारता ५१२ चा धरतात. जुना सुपरब्लॉक, म्हणजे डिस्कांच्या मांडणीची नोंद, पुसला गेल्यावर हा आकडा सांगायला कोणी उरत नाही. त्यातच नव्या अ‍ॅरेचे समक्रमण लगेच सुरू होते, आणि चुकीच्या मांडणीवरून काढलेली पॅरिटी खऱ्या डेटावर शांतपणे लिहिली जाऊ लागते.

शेवटी डिस्का तज्ज्ञाकडे न्याव्यात. त्यापूर्वी त्या खाचांतून काढून, धूळ पुसून, क्रमांकाच्या चिठ्ठ्या न लावता एकावर एक रचाव्यात. तज्ज्ञ सर्वप्रथम कोणती डिस्क कोणत्या खाचेत होती हे विचारेल. चार डिस्कांचे २४ च क्रम होतात, तेवढे तो एका दुपारी तपासू शकेल. आपला अ‍ॅरे आठ डिस्कांचा असेल तर क्रम ४०,३२० होतात, आणि तेव्हा मधल्या काळात आपण काहीही केलेले नाही, हे त्याला ठामपणे सांगावे.