त्याची बाटली कायम भरलेली असायची

आज संध्याकाळी मुलाला ग्राउंडवरून आणायला गेलो होतो. आठवीतली पोरं, टेनिस बॉलचं क्रिकेट. एकाच्या हातून कॅच सुटला, बोट दुखावलं, डोळ्यात पाणी आलं. लगेच कुणीतरी ओरडलं, "ए छक्क्या, रडतो काय! बांगड्या भर!" सगळी हसली. आवाज माझ्या मुलाचा होता.

रस्त्यातच गाडी बाजूला घेऊन झापला त्याला. म्हणतो कसा, "बाबा, सगळेच म्हणतात. चिडवायला म्हणतो, खरं थोडीच!"

तेव्हापासून डोकं ठणकतंय.

नववीत माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. बारीक आवाज, मोत्यासारखं अक्षर, बोलताना हात हलायचे. तमाशापटांत नाच्याचं काम करणाऱ्या नटावरून आम्ही त्याला 'गणपत पाटील' म्हणायचो. तो वर्गात शिरला की मागून "आत्ता गं बया!" यायचंच. त्याची पाण्याची बाटली कायम भरलेली असायची. माझी मधल्या सुट्टीतच संपायची, मग मी त्याची प्यायचो. तुला तहान नाही का लागत, असं एकदा विचारलं तर नुसता हसला.

आणि गणपत पाटलांनी तरी काय घोडं मारलं होतं? कोल्हापूरचा संसारी माणूस. पडद्यावर नाच्या जिवंत उभा केला, तर लोकांनी रस्त्यावरही तेच समजून छळलं. २००८ साली गेले. एवढ्या मोठ्या नटाचं नाव आम्ही शिवीसारखं वापरलं. आणि समजा संसारी नसते तर? तर काय बिघडलं असतं? बघा, बाजू घेतानाही मी 'संसारी' म्हणूनच घेतली. इतकं मुरलंय हे.

मान्य, पोरं चिडवतातच. जाड्या, चष्मिस, नावं सगळ्यांनाच पडतात. पण चष्मिसला कुणी मुतारीत गाठत नाही. माझ्या बाकावरच्या त्या मुलाला गाठायचे. म्हणून तो अकरा ते पाच पाणीच प्यायचा नाही. हे मला कळायला कॉलेज संपावं लागलं.

पीटीचे सरसुद्धा, कबड्डीत तो बाद झाला की म्हणायचे, "बांगड्या आणू का रे?" अहो, बांगड्या भरलेल्या हातांनी माझ्या आईने जन्मभर भांगलण केली. कुणाला कमी लेखताय?

२०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ ला, राजीखुशीने प्रेम करणारी दोन सज्ञान माणसं कलम ३७७ खाली गुन्हेगार ठरणार नाहीत, असंही सांगितलं. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता. त्याला हा शब्द कोर्टाने नाही शिकवला. आपण शिकवला. तीन वर्षांचा असताना पडला, तेव्हा "मुलीसारखा काय रडतोस" आमच्याच घरात म्हटलं गेलं होतं.

वारीत मिशाळ बाप्ये एकमेकांना माऊली म्हणून पाया पडतात. विठ्ठलाची विठाई करताना कुणाचं पुरुषपण जात नाही. मग तेरा वर्षांच्या पोराच्या डोळ्यातल्या पाण्याने कसं जातं?

रात्री जेवताना मुलाला बाटलीचं सांगितलं. आता रागावलो नव्हतो. तो बराच वेळ भात चिवडत बसला. मग हळूच विचारलं, "बाबा, तू काय म्हणायचास त्याला?"

सांगितलं. "आत्ता गं बया" सगळ्यात जोरात मीच म्हणायचो. त्याच्याच बाटलीतलं पाणी पिऊन.