चिपचं कार्ड म्हणजे फसवणूक बंद? अर्धंच खरं

'चिपवाल्या कार्डाची नक्कल होत नाही, त्यामुळे पिन कुणाला कळला तरी बिनधास्त राहा' असा मेसेज सध्या फिरतोय. पहिला भाग बराचसा बरोबर. दुसरा साफ चूक.

कार्डामागच्या काळ्या पट्टीवरची माहिती कधी बदलत नाही. एटीएमच्या खाचेत चोरटं यंत्र बसवून ती एकदा उतरवून घेतली की कोऱ्या कार्डावर छापता येते. चिपचं तसं नाही. कार्ड मशीनमध्ये खोचलं की चिप तिच्या आतल्या गुप्त किल्लीने त्या व्यवहारापुरता नवा संकेत तयार करते आणि बँक तो तपासते. चोराने तो टिपला तरी पुढच्या व्यवहाराला कुचकामी, आणि किल्ली चिपच्या बाहेर पडत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 2018 अखेरपर्यंत पट्टीची कार्डं बदलायला लावली.

पण कार्डच चोरीला गेलं आणि पिनही ठाऊक असेल, तर नक्कल हवीच कशाला? पेट्रोल पंपावर काच खाली करून 'चार-सात-एक...' असं ओरडून पिन सांगणारे महाभाग आपण रोज बघतो. ऑनलाइन खरेदीत तर चिपचा संबंधच येत नाही. तिथे कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख, मागचे तीन आकडे आणि ओटीपी पुरतो. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला ते दिलेत, तर चिप बिचारी पाकिटातच असते.

ऑनलाइन आणि टॅप व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवता येतात. कार्ड हरवलं तर तिथूनच लगेच ब्लॉक करा.